‘अहवाल येईपर्यंत थांबा’ : एका सल्ल्याचे खंडन

२०२५ च्या जानेवारीत उरण तालुक्यातील चिरनेर येथे बर्ड फ्लूचे निदान झाले. चिरनेर म्हणजे १९३० च्या जंगल सत्याग्रहाचे गाव, आम्हा पनवेलकरांच्या शेजारचे. त्या आठवड्यात पनवेलमध्ये जावे तिथे एकच वाक्य कानी पडत होते : ‘या पेपरवाल्यांना दुसरे काम नाही, उगाच लोकांना घाबरवतात.’ हे वाक्य एखाद्या कोंबडीविक्रेत्याचे असते तर मी लेखणी उचलली नसती. त्याचे पोट त्या दुकानावर आहे आणि त्याचा राग समजण्यासारखा आहे. पण हे मत डॉक्टर मांडतात, निवृत्त अधिकारी मांडतात, माझे प्राध्यापक मित्र मांडतात. ज्यांच्याविषयी मला आदर आहे, त्यांच्याच तोंडी हा समज पक्का बसला आहे. म्हणून त्याचा परामर्श घेणे भाग आहे.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्यांच्याच ताकदीने मांडतो. ते म्हणतात : रोगाची किंवा भेसळीची बातमी ही इतर बातम्यांसारखी नसते. मंत्र्याविषयी चुकीची बातमी आली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापता येतो. अन्नाविषयी चुकीची बातमी आली तर खुलासा छापून येईपर्यंत कुक्कुटपालक कर्जबाजारी झालेला असतो. बातमीदार हा शास्त्रज्ञ नव्हे. त्याने सरकारी प्रयोगशाळेचा अंतिम अहवाल येईपर्यंत थांबावे, तोवर गावाचे वा उत्पादकाचे नाव छापू नये. स्वखुशीने थांबत नसेल तर कायद्याने थांबवावे, कारण सार्वजनिक आरोग्य हे वृत्तपत्रस्वातंत्र्यापेक्षा मोठे आहे. दाखले म्हणून ते १९९४ च्या सुरतेतील प्लेगचे आणि २०१५ च्या मॅगी प्रकरणाचे नाव घेतात.

यातली एक गोष्ट मी वाद न घालता मान्य करतो. सुरतेत मृतांचा अधिकृत आकडा पन्नासच्या आसपास होता आणि शहर सोडून पळणारे लाखांत होते. त्या दिवसांतले काही मथळे बेजबाबदार होते. बेजबाबदार मथळ्याचे समर्थन मी करणार नाही. पण मथळा वाईट होता म्हणून बातमीच थांबवावी, हे अनुमान कोणत्या हेतूवर उभे आहे?

कुक्कुटपालकाचाच मुद्दा घेऊ, कारण तो सर्वांत हळवा आहे आणि सर्वांत कमी तपासलेला. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात कोंबडीचा भाव कोसळला. ठिकठिकाणी शेतकऱ्यांनी पक्षी मातीमोल भावात विकले, काहींनी फुकट वाटले. बेळगाव जिल्ह्यातील गोकाक तालुक्यात एका कुक्कुटपालकाने हजारो जिवंत पक्षी खड्ड्यात पुरले. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो, ही ती भीती. ती कुठल्या वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर जन्मली? ती जन्मली मोबाइलवरून फिरणाऱ्या निनावी संदेशांत. वृत्तपत्रे पशुसंवर्धन खात्याचे खुलासे छापत होती आणि संदेश त्यांच्या पुढे धावत होते. पुढे मार्चअखेरीस तर ‘कागदावरून विषाणू येतो’ या भीतीने मुंबई परिसरातील घरोघरचा पेपरच बंद पडला. घबराट पसरवणारा म्हणून आज ज्याला पिंजऱ्यात उभे केले जाते, तो पेपर स्वतःच घबराटीचा बळी होता. पेपर बंद असताना अफवा कमी झाल्या, असे कोणी छातीठोकपणे सांगेल काय? ज्याने ते दिवस घरात काढले आहेत, त्याने स्वतःच उत्तर द्यावे.

आता उलट बाजू पाहू. भारतातील बर्ड फ्लूची पहिली मोठी साथ २००६ साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला आली. पक्षी जानेवारीच्या अखेरीपासून मरत होते. हा नेहमीचा राणीखेत रोग आहे, असे पोल्ट्रीवाले धरून चालले होते. भोपाळच्या प्रयोगशाळेचे निदान जाहीर झाले १८ फेब्रुवारीला. मधले तीन आठवडे कोणाच्या हिताचे होते? एक साधी गोष्ट माझे प्रतिपक्षी विसरतात : सरकार नुकसानभरपाई देते ती त्याने मारलेल्या पक्ष्यांची. निदानापूर्वीच मेलेल्या पक्ष्यांचे काही मिळत नाही. म्हणजे बोभाटा जितका उशिरा, तितका शेतकऱ्याचा तोटा मोठा. मौनाने त्याचे रक्षण होते, हा समज हिशेबाच्या वहीवरच टिकत नाही.

आता ‘अहवाल येईपर्यंत थांबा’ हा मुख्य सल्ला. तो ऐकायला इतका समंजस वाटतो की त्याची परीक्षा घ्यायचे कोणाला सुचत नाही. आपण ती घेऊ, आणि प्रतिपक्षानेच दिलेल्या दाखल्यावर घेऊ.

मॅगी प्रकरणात वृत्तपत्रांनी नेमके काय छापले? शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत १७.२ आढळले, मर्यादा २.५ ची आहे, हे. हा आकडा कोणा बातमीदाराने स्वयंपाकघरात बसून काढलेला नव्हता. उत्तर प्रदेशातून घेतलेल्या नमुन्याचा तो सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल होता. ५ जून २०१५ रोजी बंदी घातली ती केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने. १३ ऑगस्टला ती रद्द केली मुंबई उच्च न्यायालयाने. कारणे अशी : कंपनीला म्हणणे मांडण्याची संधी दिली नव्हती, आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर भिस्त ठेवली त्यांना कायद्याने आवश्यक असलेली मान्यता नव्हती. न्यायालयाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी करायला लावली, त्यात नमुने उत्तीर्ण झाले आणि नोव्हेंबरमध्ये माल पुन्हा दुकानात आला. सरकारी अहवाल आल्यावरच छापा, हा नियम वृत्तपत्रांनी तंतोतंत पाळला होता. मग तो नियम कोणाला वाचवू शकला? चूक होती प्रक्रियेची, आणि ती उघडी पडली खुल्या न्यायालयात, खुल्या बातम्यांत. माझ्या विरोधकांनी साक्षीला आणलेला हा साक्षीदार माझ्या बाजूने बोलतो आहे.

शिवाय ज्या कार्यालयाच्या अहवालाची वाट पाहायची, त्याच कार्यालयाविषयी बातमी असेल तर? १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले. औषध म्हणून दिलेल्या त्या द्रवात डायएथिलिन ग्लायकोल हे विष होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने जे ताशेरे ओढले, ते रुग्णालयाच्या खरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत आणि तिथून थेट मंत्रालयापर्यंत पोचले. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. राखणदारच झोपला आहे हे सांगायला राखणदाराचाच दाखला आणा, असे म्हणणे हा वदतो व्याघात आहे.

आणि अहवाल येण्याआधी बोललेले प्रत्येक वेळी खोटे ठरते असेही नाही. २००३ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने शीतपेयांत कीटकनाशके असल्याचे जाहीर केले. बदनामीचा केवढा गदारोळ झाला! संसदेने संयुक्त समिती नेमली. अध्यक्ष होते शरद पवार, ज्यांना कोणी भाबडा कारखानदारद्वेष्टा म्हणणार नाही. २००४ च्या फेब्रुवारीत समितीने केंद्राचे निष्कर्ष बरोबर असल्याचे सांगितले.

धीराच्या गोड शब्दांची किंमत जगाने मोजली आहे. १९९० मध्ये ब्रिटनचे कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या लहान मुलीच्या हाती गोमांसाचा बर्गर दिला, भिऊ नका हे सांगण्यासाठी. १९९६ मध्ये त्याच सरकारने गाईंच्या मेंदूरोगाचा माणसांतील रोगाशी संबंध असावा अशी कबुली दिली. त्या रोगाने तिथे पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. चीनमध्ये २००८ साली बाळांच्या दूधभुकटीतील मेलामाइनची कुणकुण एका साप्ताहिकाला जुलैतच लागली होती. ऑलिंपिक तोंडावर होते, बातमी दाबली गेली. सप्टेंबरमध्ये ती फुटली तेव्हा बाधित बालकांची संख्या सुमारे तीन लाखांवर गेली आणि सहा बाळे दगावली. तिथे घबराट झाली नाही, हे खरे. मधल्या दोन महिन्यांत आया तीच भुकटी पाजत राहिल्या.

राहिला ‘कायदा करा’ हा आग्रह. इथे मी थोडक्यात बोलेन, कारण न्याय आधीच झाला आहे आणि तो एका मराठी दैनिकाच्या नावावर आहे. नानासाहेब परुळेकरांच्या ‘सकाळ’ने पाने आणि किंमत यांवरील सरकारी निर्बंधांना आव्हान दिले. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ‘सर्वसाधारण जनतेचे हित’ हे कारण धंद्यावर निर्बंध घालायला चालते, अभिव्यक्तीवर घालायला चालत नाही. संविधानाच्या कलम १९(२) मधील कारणांची यादी काढून वाचावी. सार्वजनिक सुव्यवस्था आहे, बदनामी आहे, न्यायालयाचा अवमान आहे. सार्वजनिक आरोग्य नाही. आणि खोट्या अफवेला शिक्षा आज नाही असे कोण म्हणते? १८९७ च्या प्लेगनंतर, टिळकांना राजद्रोहाखाली तुरुंगात टाकल्यावर, इंग्रजांनी १८९८ मध्ये भीती पसरवणाऱ्या विधानांविरुद्धचे कलम ५०५ कडक केले. टिळकांनी पुण्यात राहून स्वतः प्लेगचे रुग्णालय चालवले होते आणि टीका केली होती ती उपायांच्या जुलमी रीतीवर, हेही लक्षात ठेवावे. तेच कलम आज न्याय संहितेत ३५३ म्हणून आहे. त्यात एक अपवाद आहे : विधान खरे मानायला वाजवी कारण असेल आणि हेतू वाईट नसेल तर गुन्हा होत नाही. परक्या सरकारनेही ठेवलेली ही खिडकी आपण स्वराज्यात बंद करायची काय?

शेवटी घरचा दाखला देतो. तळोजा औद्योगिक वसाहतीतून वाहणाऱ्या कासाडी नदीच्या पाण्याविषयी इथले कोळी बांधव कित्येक वर्षे तक्रारी करत होते. मासळी कमी झाली, वास येतो, हे ते सांगत. २०१७ च्या ऑगस्टमध्ये निळ्या रंगाने माखलेल्या कुत्र्यांची छायाचित्रे छापून आली. प्रदूषण नियंत्रण मंडळाने एका कारखान्यावर बंदीचा बडगा उचलला तो त्यानंतर. मासे आपल्या ताटात येतात, कुत्री येत नाहीत. तरीही माशांच्या तक्रारीवर जे झाले नाही, ते एका छायाचित्राने काही दिवसांत केले. तेव्हा कोणीही बातमीदाराला घबराट पसरवणारा म्हटल्याचे मला आठवत नाही.

बातमी पुरी असावी, ही अट मात्र मी आनंदाने स्वीकारतो. चिरनेरची बातमी छापताना नमुना कुठे गेला, एक किलोमीटरच्या आत काय होणार, दहा किलोमीटरपर्यंत काय पाहिले जाणार, आणि मांस आतपर्यंत ७० अंश सेल्सियसला शिजले की विषाणू मरतो, म्हणजे आपला रटरटणारा रस्सा निर्धोक आहे, हे सारे त्याच बातमीत हवे. यासाठी बातमीदाराच्या हाती कागद लागतात आणि ते सरकारकडे असतात. अन्नसुरक्षा कायद्याने अन्न विश्लेषकाला नमुन्याच्या अहवालासाठी १४ दिवस दिले आहेत. रायगड जिल्ह्यात घेतलेल्या प्रत्येक नमुन्याचा अहवाल पंधराव्या दिवशी, मराठीत, पनवेल महापालिकेच्या फलकावर लागावा. वाचकहो, ही मागणी पेपरवाल्यांच्या वतीने नाही, ताटावर बसणाऱ्यांच्या वतीने आहे, आणि तिच्याखाली तुमचीही सही हवी.