रायगडावरील बाजारपेठ

रायगडावर जाणारा यात्रेकरू होळीच्या माळावरून जगदीश्वराकडे निघाला कीं, त्यास वाटेंत समोरासमोर उभ्या असलेल्या दगडी जोत्यांच्या दोन लांब ओळी लागतात. प्रत्येक ओळींत २२ दुकानें आणि मध्यें सुमारें ४० फूट रुंदीचा सरळ रस्ता. हीच गडावरील बाजारपेठ, असें वाटाड्या सांगतो. आणि त्याच दमांत हेंहि सांगतो कीं, स्वारास घोड्यावरून न उतरतां माल घेतां यावा म्हणून जोतीं एवढीं उंच बांधिलीं. ही कथा इतकी रूढ झाली आहे कीं, तिच्याविषयीं शंका घेणें म्हणजे महाराजांच्या कीर्तीस उणेपणा आणणें असें कित्येकांस वाटतें. उलटपक्षीं, ही बाजारपेठच नव्हे, सरकारकुनांच्या बिऱ्हाडांची ही ओळ होय, असेंहि प्रतिपादन अलीकडे होऊं लागलें आहे. आमच्या मतें पहिली कथा टिकत नाहीं आणि दुसऱ्या पक्षास अद्यापि पुरेसा आधार नाहीं.

गडावर बाजार होता, ह्याविषयीं संशय नसावा. कृष्णाजी अनंत सभासद ह्यानें राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस १६९७ च्या सुमारास बखर लिहिली. तींत तक्ताच्या गडावरील इमारती मोजतांना सरकारकुनांचीं घरें आणि बाजार हीं दोन्ही जवळजवळ, परंतु निरनिराळीं सांगितलीं आहेत. बाजार नेमका कोठें, हें मात्र बखरकार सांगत नाहीं. जगदीश्वराच्या देवालयावरील हिरोजी इंदुलकराच्या शके १५९६ च्या शिलालेखांत विहिरी, तळीं, उपवन ह्यांच्या बरोबर जो एक शब्द येतो, त्याचें छापील वाचन ‘वीतिकौ’ असें आहे. तो ‘वीथिका’ म्हणजे रस्ता किंवा पेठेची ओळ असा घेऊन, द्विवचन आहे म्हणून ह्याच दोन ओळी, असा तर्क करण्याचा मोह होतो. परंतु वीथिका हा शब्द स्त्रीलिंगी. त्याचें द्विवचन ‘वीथिके’ असें व्हावयास पाहिजे, आणि वृत्तांत तेंहि रूप तितकेंच बसतें. तेव्हां अशुद्ध रूपावर सिद्धान्ताची इमारत उभारूं नये. पाठ पुन्हां एकवार ठशावरून ताडून पाहण्याजोगा आहे, एवढेंच आम्ही म्हणतों.

इंग्रजी ग्रंथांनीं ह्यांत एक नवाच घोटाळा घातला आहे. कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटियरांत गडावरील बाजाराची लांबी जवळजवळ एक मैल दिली आहे, आणि पुष्कळांनीं ती डोळे मिटून उतरून घेतली. एका मैलाचे ५२८० फूट. त्यास २२ नीं भागिलें तर एकेका दुकानाचें दर्शनी तोंड २४० फूट भरतें! एवढें तोंड वाड्यास शोभेल, वाण्याच्या दुकानास नव्हे. हा आंकडा एक तर ऐकीव असावा, किंवा गडाच्या माथ्याच्या लांबीशीं त्याची गल्लत झाली असावी.

आतां बिऱ्हाडांचा पक्ष पाहूं. ह्या पक्षाचा मुख्य आधार असा कीं, पुढील दालनाच्या मागें आणखी दालनें आहेत. केवळ दुकानास तीं कशास हवींत? परंतु आपल्याकडील कोणतीहि जुनी पेठ पाहावी: ओटीवर उदीम, मागें कोठार आणि वसति, हीच रीत सर्वत्र आहे. रात्रीं माल सोडून वाणी जाणार कोठें? शिवाय सभासदानें सरकारकुनांचीं घरें बाजाराहून वेगळीं सांगितलीं आहेत, हें वर आलेंच आहे. खोदकामांत मापें, ताजवे, नाणीं ह्यांऐवजीं केवळ घरगुती भांडींकुंडीं निघालीं, तर आम्ही आमचें मत आनंदानें बदलूं.

घोडेस्वारांच्या कथेस मात्र समकालीन साक्षीचा अडथळा आहे. जून १६७४ मध्यें राज्याभिषेकप्रसंगीं इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन गडावर हजर होता. राजवाड्याच्या दरवाजाशीं दोन लहान हत्ती आणि शृंगारलेले दोन घोडे उभे पाहून, एवढ्या बिकट वाटेनें हीं जनावरें वर आणिलीं कशीं, ह्याचें आपणांस नवल वाटलें, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. राज्याभिषेकासारख्या समारंभांत ज्या गडावर घोडा हा नवलाचा विषय होता, तेथें ४४ दुकानांची पेठ स्वारांच्या सोयीसाठीं बांधिली, हें संभवत नाहीं. जोत्यांच्या उंचीचें कारण आकाशांत शोधावें. ज्यानें आषाढांत गडावर एक रात्र काढिली आहे, त्यास तें सांगावें लागणार नाहीं. मिठाचें, गुळाचें वा धान्याचें पोतें ज्यास कोरडें ठेवावयाचें, तो जोतें उंचच घालील.

आमच्या दृष्टीनें ह्या पेठेचें खरें वैशिष्ट्य निराळेंच आहे. आपल्याकडे पेठ वसे ती कौलानें. सरकारांतून कौल मिळे, कांहीं वर्षें मोहतर्फा माफ होई, शेटे-महाजनांस वतन मिळे, आणि मग एकेक उदमी आपल्या ऐपतीप्रमाणें घर बांधी. म्हणून अशा पेठांतून घरें लहानमोठीं व रस्ते वाकडेतिकडे असतात. रायगडावर दोन्ही ओळी सूत धरल्याप्रमाणें सरळ आहेत आणि जोतीं एकसारखीं आहेत. ही बांधणी एका हातची, अर्थात् सरकारची. धन्यानें आधीं सगळी इमारत उठवावी व मग गाळे व्यापाऱ्यांस द्यावे, ही जी चाल हल्लीं तालुक्याच्या गांवींहि मॉल ह्या नांवानें आली आहे, तिच्याशीं ह्या पेठेचें नातें मुंबईपुण्याच्या जुन्या पेठांपेक्षां जवळचें आहे. १६७१ मध्यें बारदेशच्या स्वस्त मिठानें कोंकणच्या मिठाचा बाजार बसूं नये म्हणून कुडाळच्या सरसुभेदारास जकात वाढविण्याविषयीं लिहिणाऱ्या राजानें राजधानींतील बाजार दैवावर सोंपविला नाहीं, ह्यांत आश्चर्य नाहीं. पेठा वसवून साहुकार सांभाळावे, हें धोरण पुढें रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतहि आलें आहे.

गिऱ्हाईक कोण, असा प्रश्न उरतो. सभासदानें दिलेली सरकारी जिनसांची लांबलचक यादी पाहतां राजवाड्यास कापड किंवा मसाला बाजारांतून आणण्याचें कारण नव्हतें. कारकून, शिबंदीचे लोक, कारागीर, वकिलांबरोबरचीं माणसें, हेंच ह्या दुकानांचें गिऱ्हाईक असावें. एका जोत्यावर नाग कोरलेला आहे. त्यास नागाप्पा शेट्याचें दुकान म्हणतात. शेट्यावरून नाग कोरला, कीं नागावरून शेट्या निर्माण झाला? आम्हांस दुसरें संभवनीय वाटतें.

पेठेचें आयुष्य थोडें. १६८९ मध्यें गड मोगलांकडे गेला आणि राजधानी उठली. पगारदार वस्ती नाहीं तेथें वाणी राहत नाहीं. १७३३ त गड मराठ्यांकडे परत आला, तरी तक्त साताऱ्यास होतें. १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांच्या तोफांनीं लागलेल्या आगींत लांकूडकाम जळालें व दगड तेवढे राहिले. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांच्या १२ किल्ल्यांस जागतिक वारशांत घेतलें, त्यांत रायगड आहे. आतां दुरुस्तीचा हात ह्या जोत्यांवरहि फिरेल. तो कथेस धरून फिरला आणि उंची, पायऱ्या वा गाळ्यांच्या भिंती कल्पनेनें पुऱ्या केल्या गेल्या, तर हा वाद सोडविण्याचें साधनच नष्ट होईल. म्हणून आधीं एकेका जोत्याचें माप व चित्र घेऊन तें प्रसिद्ध व्हावें.

दुसरें साधन आमच्या वाचकांच्याच घरीं असण्याचा संभव आहे. महाड, बिरवाडी, पाचाड ह्या बाजूच्या जुन्या घराण्यांच्या दप्तरांत गडावरील दुकानांचा मोहतर्फा, शेटेपणाचा हक्क अथवा माल गडावर चढविणाऱ्या हमालांची मजुरी, ह्यांपैकीं कशाचाहि उल्लेख असलेला कागद आढळल्यास त्याची नक्कल मंडळाकडे अवश्य पाठवावी. फाटका तुकडा, ज्यावर केवळ नांव व रक्कम असेल, तोहि टाकून देऊं नये. आणि रुमाल सोडतांना सर्दावलेले कागद उन्हांत न धरितां सावलींत सुकूं द्यावे.