कुत्र्याचा हक्क

लहानपणी आमच्या नारळ-सुपारीच्या वाडीत राखणीला एक कुत्रा होता, मोती. तो अंगणापर्यंत यायचा, उंबरठा मात्र ओलांडायचा नाही. त्याने तोंड लावलेलं भांडं दादी सात वेळा धुवायची, त्यातलं एकदा मातीने. मी त्याच्याशी खेळून आलो की "आधी कपडे बदल, मग नमाजला उभा राहा," हे तिचं ठरलेलं वाक्य. मोतीवर माझा जीव होता. पुढे तो म्हातारा झाला, त्याची नजर गेली आणि राखणीला दुसरा कुत्रा आला. मोतीला कोणी हाकललं नाही की मारलं नाही. फक्त त्याच्यापुढे भाकरी टाकायचं राहून जाऊ लागलं. एका पावसाळ्यात तो दिसेनासा झाला. आम्ही त्याला शोधलंही नाही.

त्यानंतर मी आयुष्यभर कुत्रे पाळले. "मुसलमान असून कुत्रा पाळता?" हा प्रश्न मला शेकडो वेळा विचारला गेला, आपल्या लोकांनीही आणि इतरांनीही. पण "तुमच्या वाडीतल्या म्हाताऱ्या कुत्र्याचं पुढे काय झालं?" असं कोणीच विचारलं नाही. हा दुसरा प्रश्नही आपल्याच परंपरेत विचारला गेला आहे, आणि तोही फार पूर्वी.

सुरुवात कुरआनपासून करू. सूरह कहफमध्ये गुहेत झोपी गेलेल्या श्रद्धावान तरुणांची कथा आहे. त्यांचा कुत्रा गुहेच्या तोंडाशी पुढचे पाय पसरून बसलेला आहे. ते तरुण किती होते यावर लोक वाद घालतात. कोणी तीन म्हणतं, कोणी पाच, कोणी सात. पण प्रत्येक मोजणीत कुत्रा धरलेला आहे. सूरह माइदामध्ये शिकवलेल्या कुत्र्याने पकडून आणलेली शिकार हलाल ठरवली आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत तहानेने चिखल चाटणाऱ्या कुत्र्याची हदीस आहे. एक माणूस विहिरीत उतरला, त्याने आपल्या मोज्यात पाणी भरून वर आणलं आणि त्या कुत्र्याला पाजलं. अल्लाहने त्याला माफ केलं.

दुसरी बाजूही लपवायचं कारण नाही. शिकार, गुरं किंवा शेतीची राखण यांखेरीज कुत्रा पाळल्यास रोजच्या पुण्यातून वाटा कमी होतो, अशी हदीस आहे. भांडं सात वेळा धुण्याचीही आहे. या हदीसींचा अर्थ लावताना इमामांची मतं वेगळी झाली. मालिकी पंथात जिवंत कुत्रा पाकच मानतात, भांडं धुणं हा त्यांच्या मते केवळ आज्ञापालनाचा भाग. हनफी पंथात लाळ नापाक, पण कोरडं अंग लागल्याने कपडे बिघडत नाहीत. सर्वांत कडक शाफई, त्यांच्या मते कुत्रा संपूर्ण नापाक. कोकणातले आम्ही मुसलमान बहुतेक शाफई, कारण आमच्याकडे इस्लाम अरब व्यापाऱ्यांबरोबर समुद्रमार्गे आला. देशावरचे बहुतेक हनफी. म्हणजे दादीची ती माती अज्ञानातून आलेली नव्हती. त्यामागे शतकांची विद्वत्ता होती. मात्र शाफई मतातही ओलावा नसेल तर स्पर्शाने काही बिघडत नाही, आणि ओलं अंग लागलं तरी धुण्याची रीत सांगितलेली आहे. नापाक म्हणजे तिरस्काराचा विषय, असं कोणत्याच इमामाने म्हटलेलं नाही.

साहित्यात तर कुत्र्याला मानाची जागा मिळाली. नवव्या शतकात बसऱ्याच्या अल-जाहिजने 'किताब अल-हयवान' लिहिलं. त्यात कुत्रा श्रेष्ठ की कोंबडा, असा लांबलचक वादविवाद रंगवला आहे. बगदादचा इब्न अल-मर्जुबान इ.स. ९२१मध्ये वारला. त्याच्या एका पुस्तकाचं नावच 'कपडे घालणाऱ्या पुष्कळांपेक्षा कुत्र्यांचं श्रेष्ठत्व' अशा अर्थाचं आहे. माणसांत इमान उरलं नाही, या खंतीतून त्याने इमानी कुत्र्यांचे किस्से आणि कविता गोळा केल्या.

पण मला सर्वांत जास्त हलवलं ते इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम यांनी. दमास्कसमध्ये वाढलेले आणि १२६२मध्ये कैरोत निधन पावलेले हे मोठे धर्मशास्त्री. माणसावर जनावरांचे कोणते हक्क आहेत, याची त्यांनी यादीच केली. त्याच्या पोटापाण्याचा खर्च करावा, मग ते म्हातारं किंवा आजारी होऊन काहीच उपयोगाचं राहिलं नसलं तरी. झेपणार नाही इतकं ओझं लादू नये. त्याला इजा करील अशा जनावरासोबत ठेवू नये. बसायची-निजायची जागा चांगली असावी. हे वाचलं तेव्हा मोती डोळ्यांपुढे उभा राहिला. आणि इज्जुद्दीन शाफईच होते! दादीची माती आणि हे हक्क, दोन्ही एकाच पंथातले. आमच्यापर्यंत माती पोचली, हक्क वाटेत राहिले.

हक्क विसरले की काय होतं, याची साक्षही इतिहासात आहे. इस्तंबूलच्या मोहल्ल्यांत भटक्या कुत्र्यांना खाऊपिऊ घालण्याची जुनी रीत होती. १९१०मध्ये शहर 'आधुनिक' करण्याच्या नादात हजारो कुत्रे पकडून मार्मारा समुद्रातल्या एका ओसाड बेटावर सोडले गेले. तिथे ते भुकेने आणि तहानेने मेले. हे पाक-नापाकच्या नावाने झालं नाही. ते कोणाच्या उपयोगाचे नाहीत, एवढंच कारण पुरलं. आमच्या वाडीतही तेवढंच कारण पुरलं होतं.

आज माझ्याकडे दोन कुत्रे आहेत. नमाजचे कपडे आणि जागा वेगळी आहे, त्यांची भांडी वेगळी आहेत. दादीचा नियम मी मोडलेला नाही. बदललं ते दुसरंच. रेबीजची लस वेळेवर दिली जाते, साखळी दिवसभर गळ्यात नसते, उन्हाळ्यात पाण्याचं भांडं रिकामं राहत नाही. दोघांतली एक आता चौदा वर्षांची आहे. तिला दिसत नाही, राखण करता येत नाही. रोज संध्याकाळी तिच्यासाठी भाकरी दुधात कुस्करून भिजवतो. ती खाऊन होईपर्यंत शेजारी बसतो, मग हात धुऊन वजूला जातो.