बिंदुनामावली मागा

नाशकात गंगापूर रोडनं धरणाकडं गेलं की यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ लागतं. १९८९ साली निघालं. शाळा अर्ध्यात सुटलेल्या कामगारालाही त्यानं शिकायची वाट दिली. पण शिकायची वाट वेगळी अन् शिकवायची खुर्ची वेगळी.

गोदेपल्याड पंचवटीत २ मार्च १९३० ला बाबासाहेबांचा काळाराम सत्याग्रह सुरू झाला. तिथं बंद दरवाजा डोळ्यांना दिसत होता. नोकरीतला दरवाजा आकड्यांनी बंद होतो.

२०१७ साली अलाहाबाद हायकोर्टानं सांगितलं, प्राध्यापकांचं आरक्षण अख्ख्या विद्यापीठावर नको, एकेका विभागावर मोजा. ५ मार्च २०१८ ला युजीसीनं तसं परिपत्रक काढलं. त्या तेरा बिंदूंच्या हिशेबात चौथी जागा ओबीसीची, सातवी अनुसूचित जातीची, आदिवासींची थेट चौदावी. विभाग सहा जणांचा असला, की आपल्याला शून्य. आरक्षण कुणी रद्द केलं नव्हतं, फक्त मोजणी बदलली होती.

२२ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानंही तेच कायम ठेवलं. मग पोरं रस्त्यावर उतरली, ५ मार्चला भारत बंद झाला. ७ मार्चला सरकारला वटहुकूम काढावा लागला. त्याच वर्षी संसदेत कायदा झाला अन् केंद्रीय विद्यापीठांत पुन्हा अख्खं विद्यापीठ एकक ठरलं.

मी गिरणीत राबतो. माप कोण घेतो त्यावर मजुरी ठरते, हे आम्हाला शिकवावं लागत नाही. तेव्हा जाहिरात निघाली की नेट, सेट, पीएचडीच्या अटी वाचाच. पण आधी बिंदुनामावली मागा, अन् स्वतः मोजा.