पाणी उकळले की काम झाले का? नदी स्वच्छ करणाऱ्या वनस्पतींचा इतिहास

जुलाबाचा किंवा काविळीचा पेशंट आला की आम्ही डॉक्टर एक वाक्य हमखास सांगतो, "पाणी उकळून प्या." पावसाळ्यात तर हे वाक्य दिवसातून वीस वेळा होते. मागे गोदाकाठच्या एका गावातले काका ते ऐकून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, उकळतो की आम्ही. पण वरून कारखान्याचं काळं पाणी येतं, त्याचं काय? ते उकळून शुद्ध होतं का?"

प्रश्न अगदी योग्य होता. त्याचे उत्तर 'नाही' असे आहे. ते 'नाही' का, आणि मग उपाय कोणता, हे समजून घ्यायचे तर थोडे इतिहासात जावे लागेल.

घाण दोन प्रकारची असते

१८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी मेलेल्यांची घरे नकाशावर मांडली आणि साथीचे मूळ एका सार्वजनिक पंपात असल्याचे दाखवले. पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. पुढे १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात अभ्यास करून कॉलऱ्याचा जंतू पक्का केला. तेव्हापासून जगाला एक गोष्ट कळली, ती म्हणजे पाण्यात जंतू असतात आणि ते उष्णतेने मरतात. आमचा "पाणी उकळा" हा सल्ला तिथून आला. कॉलरा, टायफॉइड, कावीळ, जुलाब यांच्यासाठी तो आजही शंभर टक्के खरा आहे.

पण विसाव्या शतकात दुसऱ्या प्रकारच्या घाणीने माणसे आजारी पाडली. जपानमधल्या मिनामाता गावात १९५६ मध्ये विचित्र रुग्ण दिसू लागले. हातपाय थरथरणे, तोल जाणे, बोलणे अडखळणे अशी लक्षणे होती. रासायनिक कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा माशांत साठला होता आणि माशांतून तो माणसांत आला होता. त्याच देशात जिंझू नदीकाठी खाणीतून आलेले कॅडमियम भातशेतीत उतरले. तिथल्या बायकांची मूत्रपिंडे आणि हाडे इतकी खराब झाली की साध्या हालचालीनेही त्या कळवळत. त्या आजाराचे नावच 'इताई-इताई', म्हणजे आपल्या भाषेत 'आई गं, आई गं' असे पडले.

या लोकांनी पाणी उकळले असते तरी वाचले नसते. एक तर विष मासे आणि भात यांतून आले होते. शिवाय धातू उकळून मरत नाही. उलट पाण्याची वाफ होते, धातू भांड्यातच राहतो आणि थोडा अधिक दाट होतो. नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांच्या बोअरमध्ये असणाऱ्या फ्लोराइडचेही तसेच आहे.

आपल्या नद्यांचा हिशेब

मांजरा बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, लातूर जिल्ह्यातून वाहते आणि शेवटी तेलंगणाच्या हद्दीवर कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. गोदावरी तिथे नांदेड ओलांडून आलेली असते. म्हणजे लातूरकरांनी सोडलेले आणि नांदेडकरांनी सोडलेले पाणी पुढे एकच होते.

नदीची तब्येत बघायची एक तपासणी असते, तिला बीओडी म्हणतात. तुमची जशी साखर तपासतो तशीच ही. पाण्यातली सडणारी घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतील, ते हा आकडा सांगतो. आंघोळीच्या पाण्यात तो लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत हवा. घरगुती सांडपाण्यात तो साधारण २०० ते ३०० असतो. मळीपासून अल्कोहोल बनवल्यावर उरणाऱ्या काळ्या पाण्यात तो प्रक्रियेआधी ४०,००० किंवा त्याहून जास्त असू शकतो.

एक सोपे गणित करू. आपल्याकडच्या हवेत एक लिटर स्वच्छ नदीच्या पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. म्हणजे असे एक लिटर काळे पाणी नदीत गेले तर पाच हजार लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवण्याची ताकद त्यात असते. एका रात्रीत मासे मरून वर का येतात, ते आता लक्षात आले असेल.

हे रोखण्यासाठी महाराष्ट्राने देशाच्या आधी, १९६९ मध्ये जलप्रदूषणाचा कायदा केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले. केंद्राचा कायदा १९७४ चा आहे. कायदा पन्नास वर्षांहून जुना आहे आणि काकांचा प्रश्न अजून ताजा आहे, ही आपली शोकांतिका.

परसातली कर्दळ आणि जर्मनीतली बाई

तुमच्या आजीच्या घरी मोरीचे पाणी कुठे जायचे ते आठवा. परसात अळू, कर्दळ, केळ यांच्या आळ्यात. तिथे चिखल असायचा, पण वास फारसा नसायचा. आजीला कारण माहीत नसेल, पद्धत मात्र माहीत होती.

१९५० च्या दशकात जर्मनीतल्या प्लोन इथे कॅथे सायडेल या संशोधक बाईंनी हेच प्रयोगशाळेत तपासले. पाणथळ जागेत वाढणारे लव्हाळ्यासारखे गवत फिनॉलसारखे कारखान्यातले विषारी द्रव्यही कमी करते, असे त्यांनी दाखवले. झाडे तर सांडपाण्यात मरतील, असे तेव्हा अनेक तज्ज्ञांना वाटे. पुढे राइनहोल्ड किकुथ यांच्या पद्धतीने १९७४ मध्ये ओथफ्रेझन या गावात अख्ख्या गावाचे सांडपाणी असल्या वाफ्यातून सोडले जाऊ लागले.

यात घडते काय? खडी-वाळूच्या वाफ्यात पाणकणीस, नळ, कर्दळ लावतात आणि पाणी खालून हळूहळू सरकते. या झाडांच्या पोकळ दांड्यांतून हवा मुळांपर्यंत पोहोचते. मुळांवर आणि खडीवर कोट्यवधी जिवाणू वस्ती करतात आणि घाण खाऊन टाकतात. म्हणजे मुख्य काम झाड करत नाही, ते जिवाणूंना राहायला घर देते. आपल्या आतड्यातले चांगले जिवाणू जसे काम करतात, तसेच हे नदीचे आतडे समजा.

आपल्या देशातले प्रयोग

कोलकात्याच्या पूर्वेला सुमारे १२,५०० हेक्टर पाणथळ जमिनीत शहराचे सांडपाणी ऊन, शेवाळ आणि माशांच्या मदतीने निवळते. ध्रुवज्योती घोष या इंजिनियरने आयुष्यभर ती जागा बिल्डरांपासून जपली आणि २००२ मध्ये तिला रामसर दर्जा मिळाला. नागपूरच्या नीरी संस्थेने 'फायटोरिड' नावाने वनस्पतींच्या वाफ्याची पद्धत विकसित केली. पुण्याच्या संदीप जोशी यांनी उदयपूरच्या आहड नदीत दगड, तंतू आणि वनस्पती यांचे 'हरित सेतू' २०१० च्या सुमारास उभारले. आपल्या मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरला खाम नदीवर महापालिका, छावणी परिषद आणि नागरिक मिळून काम करत आहेत.

आणि नांदेडकरांनो, तुमचे स्वतःचे उदाहरण विसरू नका. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेतले. उघडी गटारे गेली आणि डास हटले. हा 'नांदेड पॅटर्न' पुढे राज्यभर पोहोचला. मलेरिया-डेंग्यूवर मी लिहून दिलेल्या कुठल्याही गोळीपेक्षा तो खड्डा मोठा डॉक्टर आहे.

पण झाडे जादू करत नाहीत

इथे मला तुम्हाला स्पष्ट सांगायला हवे. युरोपातल्या थंडीत अशा वाफ्याला माणशी सुमारे ५ चौरस मीटर जागा लागते. २०११ च्या जनगणनेनुसार नांदेडची लोकसंख्या साडेपाच लाख होती. या मापाने २७५ हेक्टर जमीन लागेल. आपल्या उष्ण हवेत कमी लागेल, तरी अख्ख्या शहरासाठी यंत्राचा प्रकल्प आणि नाल्यानाल्यावर वाफे असे दोन्ही हवे.

दुसरी अडचण धातूंची. जिवाणू सडणारी घाण खातात, पण शिसे किंवा कॅडमियम कुणी खाऊ शकत नाही. ते चिखलात बसते किंवा झाडात साठते. ते झाड कापून गुरांना घातले, तर विष दुधातून किंवा मटणातून पुन्हा आपल्याच ताटात येऊ शकते. म्हणून कारखान्याचे पाणी आधी कारखान्याच्या आवारातच शुद्ध व्हायला हवे. वनस्पतींचा वाफा ही शेवटची पायरी आहे, पहिली नाही.

जलपर्णीबद्दलही लोक विचारतात, "ती पण घाण शोषते ना?" शोषते. पण वेळेवर काढली नाही तर तिथेच सडते, शोषलेले परत पाण्यात सोडते, ऑक्सिजन संपवते आणि डासांना आसरा देते.

तुम्ही काय करू शकता?

१. जंतूंसाठी पाणी उकळणे चालूच ठेवा. खळखळ उकळी आल्यावर किमान एक मिनिट ठेवा.

२. पाण्याला रंग, फेस किंवा रसायनाचा वास असेल तर ते उकळूनही पिऊ नका. पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी प्रयोगशाळा असते.

३. काळ्या नाल्याच्या पाण्यावर पालेभाजी पिकवू नका. ती धुऊन आतला धातू निघत नाही.

४. नदीत मासे मेलेले दिसले तर ते खाऊ नका, विकू नका. फोटो आणि तारखेसह प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा.

५. घरच्या सांडपाण्यासाठी शोषखड्डा किंवा कर्दळीचा वाफा करा. तो पिण्याच्या विहिरीपासून दूर ठेवा.

लातूरकरांना पाण्याची किंमत मी सांगायला नको. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. साडेतीनशे किलोमीटरवरून पाणी आणणारे आपण, दारातून वाहणारे पाणी मात्र घाण करून पुढे ढकलतो.

काकांना मी शेवटी एवढेच सांगितले, "पाणी उकळणं तुमच्या हातात आहे, ते कराच. पण काळं पाणी तुमच्या पातेल्यात शुद्ध होणार नाही, ते जिथून सुटतं तिथेच शुद्ध व्हायला हवं. त्यासाठी औषधाच्या चिठ्ठीबरोबर ग्रामसभेचा ठरावही लागतो." काकांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि ग्रामसभा कधी आहे ते सरपंचांना विचारतो म्हणाले.