नियमाने पुसलेला सामना

आयोजकांनी मला विषय दिला होता फुटबॉलचा वर्ल्ड कप. 2026 च्या जूनमधला, अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांनी मिळून भरवायचा, 48 संघांचा, तेव्हा त्या निमित्ताने तरुण मुलं व्याख्यानाला येतील असा त्यांचा हिशोब. मुलं आलेली दिसताहेत, आनंद आहे. पण मी जरा विषयांतर करणार आहे. तेही सुरुवातीलाच, म्हणजे नंतर कोणी तक्रार करायला नको.

आधी दोन प्रश्न विचारतो. 1950 सालच्या वर्ल्ड कपला भारत पात्र ठरूनही गेला नाही. का गेला नाही, कोणाला माहीत आहे? बघा, मागच्या रांगेतून लगेच आवाज आला, 'बूट!' आपले खेळाडू अनवाणी खेळायचे, फिफाने बूट घालायची सक्ती केली, म्हणून आपण गेलो नाही. बरोबर? हे सगळ्यांना माहीत आहे. आता दुसरा प्रश्न. 2022 च्या जानेवारीत आशिया खंडातल्या राष्ट्रीय संघांची फुटबॉल स्पर्धा भरली होती. कुठे भरली होती? नवी मुंबईत नेरूळला, अंधेरीला आणि पुण्यात बालेवाडीला. इथून कोल्हारच्या पुलावरून गाडी काढली तर पाच-सहा तासांत पोचाल इतक्या जवळ. किती जणांना आठवते? हात वर करा. एक, दोन... तीन.

जे घडलं नाही, किंवा तसं घडलं नाही, ते सगळ्यांना ठाऊक. जे घडलं, ते तिघांना. आज मला या दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे.

बुटांचं आधी मिटवून टाकू. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून 2-1 असे निसटते हरले, हे खरं. 1950 च्या वेळी आपल्या पात्रता गटातल्या ब्रह्मदेश, फिलिपिन्स आणि इंडोनेशियाने माघार घेतली म्हणून आपल्याला आयतं स्थान मिळालं, हेही खरं. ब्राझीलमध्ये आपला गट होता इटली, स्वीडन आणि पराग्वे यांच्याबरोबर. प्रवासखर्चाचा मोठा भाग द्यायला यजमान तयार होते. आपल्या महासंघाने न जाण्याची कारणं दिली ती संघनिवडीवरचे मतभेद आणि सरावाला नसलेला वेळ. खरी गोम अशी की त्या काळात आपल्याकडे ऑलिंपिकपुढे वर्ल्ड कपला कोणी फारसं मोजतच नव्हतं. त्या काळचे कर्णधार शैलेन मन्ना यांनीही पुढे सांगितलं, बूट हे काही कारण नव्हतं. तरी गोष्ट टिकली. कारण ती गोड आहे. गरीब, स्वाभिमानी, अनवाणी भारत आणि पलीकडे बूटवाले गोरे! अशा गोष्टीत आपण सुटतो, दोष दुसऱ्याच्या पायात जातो.

आता 2022 कडे येऊ. ही महिलांची आशिया करंडक स्पर्धा. बारा देश होते. भारत या स्पर्धेच्या मुख्य फेरीत 2003 नंतर पहिल्यांदाच खेळत होता, तोही यजमान म्हणून. पहिले पाच संघ थेट 2023 च्या वर्ल्ड कपला जाणार होते. म्हणजे भारतीय स्त्री-फुटबॉलला वर्ल्ड कपचं दार इतक्या जवळून त्याआधी कधी दिसलं नव्हतं.

संघाची तयारीही मनापासून झाली होती. प्रशिक्षक टॉमस डेनरबी. हे गृहस्थ स्वीडनचे, त्यांच्या हाताखाली स्वीडन 2011 च्या वर्ल्ड कपमध्ये तिसरा आला होता. कर्णधार मणिपूरची आशालता देवी. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये बहारीनला आपल्या मुलींनी चायनीज तैपेईला, म्हणजे तैवानला, 1-0 हरवलं. हा सामना लक्षात ठेवा. नोव्हेंबरमध्ये त्या ब्राझीलला जाऊन ब्राझीलशी खेळल्या आणि 6-1 हरल्या; पण तो एक गोल पंजाबच्या मनीषा कल्याणचा होता, आणि ब्राझीलवर गोल मारणं म्हणजे काय हे फुटबॉल पाहणाऱ्याला सांगायला नको.

20 जानेवारीला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारत विरुद्ध इराण. इराणच्या मुलींचा हा या स्पर्धेतला आजवरचा पहिलाच सामना. डोक्याला हिजाब बांधून खेळत होत्या. भारताचा जोर जास्त होता, संधी आल्या, गोल काही झाला नाही. 0-0. आपल्याकडे हळहळ होती. इराणसाठी मात्र तो पहिल्याच दिवशी मिळालेला पहिला गुण होता.

मग कोविड. ती ओमायक्रॉनची लाट तुम्हाला आठवत असेल, घरटी एक जण तरी सर्दी-तापाने पडलेला. संघ जैवसुरक्षित बबलमध्ये होता, तरी एकेक चाचणी पॉझिटिव्ह येत गेली आणि डझनभर मुली खोल्यांत बंद झाल्या. 23 तारखेला संध्याकाळी तैवानशी सामना. आशियाई महासंघाचा कोविडकाळातला खास नियम असा होता की निदान 13 खेळाडू उभे करता आले पाहिजेत. आपल्याला ते करता आले नाहीत. सामना झाला नाही. नियमाप्रमाणे भारताने स्पर्धेतूनच माघार घेतली असं मानण्यात आलं. बघा, 'माघार घेतली असं मानण्यात आलं'. माघार कोणी घेतली नव्हती.

इथपर्यंत मी नियमाच्या बाजूने आहे, हे स्पष्ट सांगतो. नियम आधी लिहिलेला होता, सगळ्यांना माहीत होता, आपल्यालाही होता. त्या वेळी आपल्या महासंघाने आशियाई महासंघावर बरीच आगपाखड केली, बबलची व्यवस्था ढिली होती म्हणून. त्यात तथ्य किती, ते त्या व्यवस्थेत असणाऱ्यांनी सांगावं. पण बारा देश, अठरा दिवस, तीन मैदानं, प्रत्येक आजारासाठी सामना पुढे ढकलला तर स्पर्धा संपणार कधी? 13 हा आकडा कुठेतरी धरावाच लागतो.

माझी अडचण पुढच्या कलमाशी आहे. स्पर्धा सुरू झाल्यावर एखादा संघ बाहेर पडला, तर त्याचे झालेले सगळे सामने रद्दबातल. म्हणजे 20 तारखेचा भारत-इराण सामना झालाच नाही! त्यामागचा हेतू न्यायाचा आहे, तोही सांगतो. भारताच्या उरलेल्या दोन सामन्यांत तैवान आणि चीनला आयते विजय दिले असते, तर मैदानात घाम गाळून बरोबरी केलेल्या इराणवर अन्याय झाला असता. म्हणून सगळ्यांची पाटी सारखी कोरी. हेतू इराणला वाचवण्याचा, आणि परिणाम? इराणचा तो एक गुण गेला. पुढे चीनने त्यांच्यावर सात गोल केले, तैवानने पाच. शून्य गुणांनी त्या घरी गेल्या. तो गुण ठेवला असता तरी बारा गोलांचं ओझं घेऊन त्या पुढे गेल्या नसत्या. म्हणजे निकालात काडीचा फरक पडला नसता. फरक पडला तो फक्त नोंदीत.

आता मी तत्त्वज्ञानाचा माणूस, सवय जात नाही, दोन मिनिटं सहन करा. आपल्या न्याय-वैशेषिकांनी अभावाचे चार प्रकार सांगितले आहेत. घडा घडवण्याआधी तो नसतो, तो प्रागभाव. घडा फुटला, आता नाही, तो प्रध्वंसाभाव. घडा म्हणजे कापड नव्हे, तो अन्योन्याभाव. आणि वाऱ्याला रंग नाही, कधी नव्हता, कधी नसेल, तो अत्यंताभाव. नैयायिक मोठे काटेकोर. ते म्हणतात, फुटलेला घडा हा 'कधीच नसलेला घडा' होऊ शकत नाही. प्रध्वंसाभावाला सुरुवात आहे; ती सुरुवात म्हणजे घडा होता याचीच साक्ष. शिवाय अभाव नेहमी कशाचा तरी असतो, ज्याचा अभाव त्याचं नाव घ्यावंच लागतं. आशियाई महासंघालाही हा सामना पुसायचा म्हणजे अमुक दोन संघांचा सामना पुसला, असंच म्हणावं लागणार ना? त्यांना अत्यंताभाव हवा होता, हाती आला प्रध्वंसाभाव.

हे फार शास्त्रोक्त वाटत असेल तर आपल्याकडच्या जत्रेतला हगामा घ्या. कुस्ती लागली, दोघे घामाघूम झाले, वीस मिनिटांनी पंचांनी बरोबरीत सोडवली. संध्याकाळी त्यातला एक पैलवान तापाने फणफणला, पुढची जोड लढू शकला नाही. म्हणून सकाळची कुस्ती झालीच नाही असं पंचांनी जाहीर केलं, तर आखाड्याभोवतीची माणसं काय म्हणतील? इनामाचं काय करायचं ते करा म्हणतील, पण कुस्ती आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे!

कायद्यालाही हे कळतं. आपल्या हिंदू विवाह कायद्यात लग्न मुळातूनच रद्दबातल ठरू शकतं. पण त्याच कायद्याचं 16 वं कलम सांगतं की अशा लग्नातलं मूल औरसच. लग्न पुसता येतं, मूल पुसता येत नाही. आता त्या 0-0 चं मूल कोणतं, असा प्रश्न मी स्वतःला विचारतो. नव्वद मिनिटं धावलेल्या बावीस मुलींचा तो दिवस, आणि काय!

इतिहासात डोकावलं तर ही पुसापुशी स्त्री-फुटबॉलला नवी नाही. 1920 साली नाताळच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर मुलींचा सामना बघायला 53 हजार माणसं आली. वर्षभरात इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या मैदानांवर बायकांच्या खेळाला बंदी घातली, ती जवळजवळ पन्नास वर्षं चालली. 1971 साली मेक्सिकोत महिलांचा वर्ल्ड कप झाला. अंतिम सामना अझ्तेका स्टेडियमवर, लाखभर प्रेक्षक, डेन्मार्कने मेक्सिकोला 3-0 हरवलं आणि तिन्ही गोल पंधरा वर्षांच्या सुसाने ऑगस्टेसन या मुलीचे. फिफाच्या लेखी पहिला महिला वर्ल्ड कप 1991 चा. मग ते लाख लोक 1971 मध्ये काय बघून आले?

पण उलटंही घडतं, आणि ते आपल्या बाबतीत घडलं आहे. आशियातल्या महिलांची ही स्पर्धा 1975 मध्ये हाँगकाँगला सुरू झाली, ती आशियाई महासंघाने नव्हे, बायकांच्या फुटबॉलसाठी निघालेल्या एका वेगळ्या संघटनेने सुरू केली. आपल्याकडेही त्याच साली महिला फुटबॉलची वेगळी राष्ट्रीय संघटना निघाली होती. त्या काळात भारताच्या मुली आशियात दोनदा उपविजेत्या ठरल्या, दुसऱ्यांदा 1983 मध्ये बँकॉकला. आज आशियाई महासंघ त्या स्पर्धा आपल्याच इतिहासात मोजतो, भारत दोनदा उपविजेता असं सरळ लिहितो. म्हणजे ज्या सामन्यांशी महासंघाचा तेव्हा संबंध नव्हता ते वहीत आले, आणि ज्याचे पंच, चेंडू सगळं महासंघाचं होतं तो सामना वहीतून गेला. वही माणसं लिहितात. एकदा लिहिलेली वही माणसं दुरुस्तही करतात.

स्पर्धेचं पुढे काय झालं? ती झाली, आणि उत्तम झाली. ऑस्ट्रेलियाने अंधेरीत इंडोनेशियाला 18-0 हरवलं, सॅम करचे त्यात पाच गोल. बालेवाडीला फिलिपिन्सने तैवानला पेनल्टींवर हरवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा वर्ल्ड कप गाठला. पुढच्या वर्षी त्यांनी वेलिंग्टनला यजमान न्यूझीलंडला 1-0 हरवलं. एका देशाच्या फुटबॉलचा इतिहास बदलला तो आपल्या पुण्यात! तो दिवस पुणेकरांच्या गावीही नसेल, पुणेकर मित्रांनी माफ करावं.

अंतिम सामना 6 फेब्रुवारीला दुपारी साडेचारला, नेरूळलाच. दक्षिण कोरिया मध्यंतराला 2-0 पुढे, चीनने तीन गोल केले, शेवटचा भरपाईच्या वेळेत. काय सामना असेल! पण त्या दिवशी सकाळी लताबाई गेल्या होत्या. संध्याकाळी सगळा महाराष्ट्र शिवाजी पार्ककडे डोळे लावून बसला होता, मीही टीव्हीसमोर बसून होतो. खाडीपलीकडे आशियाचा विजेता ठरतोय हे कोणाच्या मनातही नव्हतं, आणि त्याबद्दल मी कोणाला दोष देणार नाही. काही गोष्टी विसरल्या जातात त्या कोणी पुसल्या म्हणून नव्हे, त्या दिवशी लोक दुसऱ्या दुःखात होते म्हणून.

आपल्या मुलींचं मात्र मला वाईट वाटतं ते वेगळ्या कारणाने. हरल्या असत्या तर हरल्या म्हणून लिहिलं गेलं असतं. चीनकडून पाच-सहा गोल खाल्ले असते, तरी आकडे राहिले असते. मणिपूर, झारखंड, ओडिशा, तमिळनाडूतल्या लहान लहान गावांतून आलेल्या या मुली. घरी परत गेल्यावर कोणी विचारलं, आशिया करंडकात काय झालं, तर काय सांगायचं? खेळलो, पण नाही खेळलो? 1950 च्या पुरुषांना निदान बुटाची गोष्ट मिळाली. यांना गोष्टही नाही.

आता एक शेवटची खबर, आणि मग थांबतो, कारण समोरून घड्याळ दाखवताहेत. 2025 च्या जुलैत चियांग माईला भारताने थायलंडला त्यांच्याच घरी 2-1 हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी जिंकून आशिया करंडकाला जाण्याची ही आपल्या मुलींची पहिलीच वेळ, या वेळी यजमान म्हणून आयतं मिळालेलं नाही. स्पर्धा मार्च 2026 मध्ये ऑस्ट्रेलियात ठरली. इराणही पात्र ठरला, म्हणजे तो पहिला गुण मिळवायला त्यांना पुन्हा संधी मिळाली. भारताच्या गटात आले जपान, व्हिएतनाम आणि तिसरं नाव ऐका, चायनीज तैपेई. 2022 च्या 23 जानेवारीच्या संध्याकाळी जो सामना व्हायचा होता, तो मार्च 2026 मध्ये ठरला. तेरापेक्षा जास्त मुली उभ्या राहाव्यात, एवढीच आशा होती.