आवाज आहे, वाट हरवलीय

मिनिडिस्कचा खिशातला रेकॉर्डर बिघडला की त्याच्या बोटभर पडद्यावर ठरलेले दोन-चारच निरोप यायचे. 'नो डिस्क', 'ब्लँक डिस्क', 'डिस्क एरर'. चौथा प्रकार सगळ्यांत छळवादी. निरोपच नाही, सेकंद पुढे सरकतायत आणि कानात मात्र शांतता. गेले काही महिने मी या शांततेच्या मागे लागलोय. त्या नादात या यंत्राचा इतिहासही बराच वाचून झाला, म्हटलं विसरायच्या आत लिहून ठेवू.

सोनीने मिनिडिस्क जपानात बाजारात आणली ती नोव्हेंबर १९९२ मध्ये. त्याच वर्षी फिलिप्सची डिजिटल कॅसेट आली. दोघांचाही डोळा साध्या कॅसेटच्या जागेवर. डिजिटल कॅसेट चार वर्षांत आटोपली, मिनिडिस्क मात्र जपानात चांगलीच रुजली. तिथे दुकानातून सीडी भाड्याने मिळायची, घरी आणून मिनिडिस्कवर उतरवायची आणि परत द्यायची, असा सगळा सुटसुटीत कारभार. आपल्याकडे ती फारशी कुणी पाहिलीच नाही. आपण कॅसेटवरून सीडी आणि तिथून थेट एमपी३ वर उडी मारली.

चकती जेमतेम ६४ मिलिमीटरची, फ्लॉपीसारख्या सरकत्या झाकणाच्या डबीत बसवलेली. एवढ्याशा जागेत सीडीइतका मजकूर मावत नाही, म्हणून कानाला ऐकू येणार नाही असा भाग गाळून आवाज सुमारे एक पंचमांश करायचा. या पद्धतीचं नाव अॅट्रॅक. मग ७४ मिनिटं बसायची.

पण खरी गंमत लिहिण्याच्या तऱ्हेत आहे. खालून लेसर चकतीचा एक ठिपका सुमारे १८० अंशांपर्यंत तापवतो. तेवढ्या उष्णतेत तिथला चुंबकीय थर आपली दिशा विसरतो. त्याच क्षणी वरून एक इवलंसं चुंबकीय हेड त्याला नवी दिशा देतं आणि ठिपका थंड झाला की ती पक्की होते. वाचताना लेसर मंद करायचा. परत येणारा प्रकाश दिशेप्रमाणे किंचित वळलेला असतो, ते वळण म्हणजे आवाज. नुसतं चुंबक जवळ नेलं तर त्यावर काही परिणाम होत नाही, कारण थंड थर ऐकतच नाही! कॅसेटच्या तुलनेत केवढी निर्धास्ती.

हे एकदा कळलं की निम्मे बिघाड आपोआप ओळखता येतात. कंपनीतून गाण्यांसकट छापून आलेल्या मिनिडिस्कवर सीडीसारखे खळगे असतात आणि त्या भरपूर प्रकाश परतवतात. कोऱ्या विकत घेऊन भरलेल्या चकत्या त्याच्या निम्म्याहूनही कमी परतवतात. म्हणून छापील वाजते पण आपली भरलेली वाजत नाही, असं झालं की आधी भिंगावरची धूळ पाहायची, नाहीतर लेसर थकलाय असं समजायचं. दोन्ही वाजतात पण नवीन रेकॉर्डिंग होत नाही? मग वरचं हेड वाकलंय किंवा त्याची तार तुटलीय. सुरुवातीची गाणी वाजतात आणि पुढची अडखळतात? लेसर ज्या स्क्रूवरून सरकतो त्यावरचं वंगण वीस वर्षांत घट्ट झालंय. माझ्या यंत्राचं आधी हेच झालं होतं. जुनं पुसून थेंबभर नवीन लावलं तर चाललं, पण चारच दिवस. मग लेसरनेच राम म्हटला.

'ब्लँक डिस्क'ची भानगड वेगळी. चकतीच्या आतल्या कडेला एक अनुक्रमणिका असते, टीओसी म्हणतात तिला. कुठला ट्रॅक कुठून कुठपर्यंत, एवढंच तिच्यात. ट्रॅक तोडा, जोडा, पुसा, बदलते फक्त ही यादी, आवाज जागच्या जागी. आणि रेकॉर्डिंग चालू असताना ती लिहिली जात नाही, थांबवल्यावर लिहिली जाते. नेमकी तेवढ्यात बॅटरी संपली की तासाभराचा आवाज चकतीवर तसाच आणि यंत्र म्हणतं, डिस्क कोरी आहे. घर आहे, पण पोस्टमनकडे पत्ताच नाही. यावर हौशी लोकांनी उपाय काढला. दुसऱ्या चकतीवर पूर्ण ७४ मिनिटांचा एकच ट्रॅक करायचा, यंत्र ती यादी लिहिणार एवढ्यात त्याला पत्ता लागू न देता चकती बदलायची. यादी लिहिली जाते आपल्या 'कोऱ्या' चकतीवर आणि आवाज परत. हात मात्र सराफाचा हवा.

आता ती शांतता. २००२ साली मी सुट्टीवर आलो होतो तेव्हा आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. दोन तास सलग मावावं म्हणून दुप्पट वेळाच्या मोडमध्ये. यंत्र गेल्यावर एका मित्राचा नव्वदच्या दशकातला डेक मागून आणला. आई, काका, आत्या सगळे जमले. डिस्क घातली, सेकंद पळायला लागले आणि आवाज शून्य. काका म्हणाले, "पुसलं गेलं रे ते. जाऊ दे." आई काहीच बोलली नाही, उठून आत गेली.

पुसलं गेलं नव्हतं. दुप्पट आणि चौपट वेळाचे मोड २००० साली आले. त्याआधीच्या डेकना ती नवी अॅट्रॅक कळत नाही. त्यांनी भलतीच खरखर करण्यापेक्षा गप्प बसावं, अशी सोय केलेली होती. ट्रॅकच्या नावाआधी 'एलपी:' अशी अक्षरं मात्र दिसतात. त्या दिवशीही दिसत होती.

यानंतरची अडचण बिघाडाची नव्हती, धोरणाची होती आणि माझा खरा राग त्यावर आहे. २००१ च्या नेटएमडीने संगणकातून डिस्कवर गाणी जायची, उलट्या वाटेने काही येत नसे. आपल्याच आजीचा, आपल्याच मायक्रोफोनवर घेतलेला आवाज असला तरी नाही. चोरीची भीती इतकी की गाणी स्वतःची असू शकतात हे कुणाच्या ध्यानातच नाही. २००६ मध्ये एमझेड-आरएच१ हा रेकॉर्डर आला आणि जुन्या डिस्कवरचा आवाज अखेर संगणकात डिजिटल उतरू लागला. तोवर आयपॉडने मैदान मारलं होतं. २०११ मध्ये सोनीने हे वॉकमन थांबवले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या चकत्या बनवणंही.

तो आरएच१ मी शेवटी जुन्या बाजारातून घेतला. (किंमत घरी सांगितलेली नाही, नातेवाईक मंडळींनीही विचारू नये.) दोन तास सहा मिनिटं उतरली. जात्याची घरघर आहे, मध्येच आजी कुणाला तरी दळण संपत आल्याचं सांगते, तेही आहे. फाइल सगळ्यांना पाठवतोय. आत्यासाठी सीडी करणार आहे.

त्याच सुट्टीतली दुसरी चकती आहे, आजी आणि तिच्या बहिणीच्या गप्पांची. ती 'ब्लँक डिस्क' म्हणते. चकती बदलायचा सराव सध्या बिनमहत्त्वाच्या डिस्कवर चालू आहे. पाचातल्या तीन वेळा जमलंय. दहातल्या दहा वेळा जमलं की तिला हात लावीन.