नायट्रोजनची दोन वजने

भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांच्या काचेच्या गोळ्यात हवेतून मिळवलेला नायट्रोजन ठरावीक तापमानाला आणि दाबाला भरला, की त्याचे वजन सरासरी २.३१०२ ग्रॅम येई. रासायनिक संयुगांपासून काढलेला नायट्रोजन भरला, तर २.२९९३ ग्रॅम. हेच आकडे दोन सार्थ अंकांत लिहिले तर दोन्ही २.३ होतात आणि फरक उरतच नाही. तीन अंकांत लिहिले तर २.३१ आणि २.३०, म्हणजे शेवटच्या स्थानी एकाचा फरक. तो कुणीही मोजणाऱ्याच्या हातावर ढकलून मोकळा झाला असता. १८९४ साली ऑक्सफर्डला जाहीर झालेला आर्गॉन हा वायू त्यापुढच्या अंकांत दडला होता.

पण अंक वाढवल्याने वायू सापडला, असे म्हणणे अर्धवट ठरेल. संवेदनशील तराजू कितीही अंक दाखवतो. त्यांतल्या कितव्या अंकापर्यंत शब्द द्यायचा, हे तराजू सांगत नाही. ते रॅले यांनी वेगवेगळ्या वाटांनी तपासले. हवेतला ऑक्सिजन तापलेल्या तांब्याने काढला तेव्हा २.३१०३, तापलेल्या लोखंडाने २.३१००, फेरस हायड्रेटने २.३१०२. संयुगांकडून आलेले आकडे २.३००१, २.२९९० आणि २.२९८७. पहिल्या गटातली आपसातली तफावत ०.०००३ ग्रॅम, दुसऱ्यातली ०.००१४, आणि दोन गटांमधले अंतर जवळजवळ ०.०११. गटातली तफावत ठाऊक नसती, तर या अंतराला काही अर्थच उरला नसता. रिकामा केलेला गोळा बाहेरच्या हवेच्या दाबाने किंचित आक्रसतो आणि त्यामुळे वजन चुकते, हेसुद्धा रॅले यांनी हिशेबात धरले होते. माझ्या मते या शोधाचा खरा पाया हाच: आपली चूक किती मोठी असू शकते, याची त्यांना असलेली पक्की माहिती.

फरक दिसल्यावर त्यांनी जे केले ते अधिक धाडसाचे होते. १८९२ मध्ये तो पहिल्यांदा दिसला तेव्हा हजारात एक एवढाच होता. त्या वेळी तुलनेला घेतलेल्या, अमोनिया आणि हवा वापरून काढलेल्या ‘अमोनियाच्या’ नायट्रोजनमधलाही मोठा भाग हवेतूनच येत होता. त्यांनी हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन वापरला, म्हणजे सगळा नायट्रोजन अमोनियाचाच झाला. फरक जवळपास पाचपट वाढून दोनशेत एक झाला. नको असलेली तफावत मिटवायचा मोह होतो तिथे त्यांनी ती मुद्दाम फुगवली. यादृच्छिक चूक अशी हुकमी वाढत नाही.

यावर रसायनशास्त्रज्ञ कॅव्हेंडिशचा दाखला देता येईल. १७८५ मध्येच त्याने हवेत विद्युत ठिणग्या पाडून नायट्रोजन संपवला आणि उरलेला बुडबुडा मूळ नायट्रोजनच्या १/१२० पेक्षा जास्त नाही, असे नोंदवले. मग एवढी बारीक वजने कशाला? पण कॅव्हेंडिशचे वाक्य नीट वाचावे: त्याने सांगितली ती वरची मर्यादा. तो बुडबुडा नवा वायू की प्रयोगातली उणीव, हे ठरवण्याइतका आधार त्या एका आकड्यात नव्हता, आणि त्याने तो असल्याचे भासवलेही नाही. म्हणून तर शंभर वर्षांनंतरही त्या नोंदीवर विसंबता आले.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: वायू वेगळा काढला तो रसायनशास्त्रज्ञ रॅम्झे यांनी, तप्त मॅग्नेशियमवरून नायट्रोजन पुन्हा पुन्हा नेऊन; वजनाने फक्त शंका उपस्थित केली. हे खरेच आहे. पण शंकाही आधी पारखावी लागते: कदाचित संयुगांचाच नायट्रोजन अंशतः विघटित होऊन हलका झाला असेल, हीही शक्यता होती. तसे असते तर विघटित भाग कालांतराने पुन्हा जुळला असता, म्हणून रॅले यांनी तो आठ महिने साठवून पुन्हा तोलला. घनता बदलली नव्हती.